जपान : आधी ठरवा, मग निर्धास्त फिरा

जपानला पहिल्यांदा निघालेला माणूस बहुतेक वेळा भाषेच्या काळजीत असतो. पाट्या वाचता येणार नाहीत, विचारलं तर उत्तर कळणार नाही, रस्ता चुकला तर करायचं काय? तिथे पोहोचल्यावर ही काळजी लवकर ओसरते. स्टेशनांची नावं रोमन लिपीतही लिहिलेली असतात, प्रत्येक मार्गाला रंग असतो, प्रत्येक दाराला क्रमांक असतो, आणि उरलेलं काम फोनमधलं भाषांतराचं ॲप करतं.

खरी अडचण वेगळी आहे. आपल्याला ऐनवेळी जमवून घेण्याची सवय असते. गाडीत जागा नसेल तर जरा सरकून बसू, बॅग मोठी असेल तर विनंती करू, जेवणात अमुक नको म्हणून वाढप्याला सांगू. जपानमध्ये अशा ऐनवेळच्या विनंतीला फारच थोडी जागा असते. माणसं कमालीची नम्र असतात, पण ठरलेली पद्धत सहसा मोडत नाहीत. याची दुसरी बाजू अशी, की जे आधी कळवलं, आधी भरलं, आधी राखून ठेवलं, ते हमखास मिळतं. म्हणून जपानच्या प्रवासात कोणती गोष्ट केव्हा ठरवायची हे माहीत असणं, चार जपानी वाक्यं पाठ असण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

कधी जावं

साकुराचा, म्हणजे चेरीच्या फुलांचा, बहर तोक्यो आणि क्योतोच्या भागात साधारण मार्चच्या अखेरीपासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत असतो. तारीख दरवर्षी थोडी मागेपुढे होते. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात मोमिजीची, म्हणजे मेपलची, पानं लाल होतात. या दोन्ही काळांत हॉटेलं महाग होतात आणि लवकर भरतात. जूनपासून जुलैच्या मध्यापर्यंत पावसाळा, तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वादळांची शक्यता.

आपल्याकडे शाळांना सुट्टी लागते त्याच सुमारास, एप्रिलच्या शेवटापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, जपानमध्ये 'गोल्डन वीक' असतो. सलग सुट्ट्यांमुळे सगळा देश घराबाहेर पडतो. ऑगस्टच्या मध्यात ओबोन, म्हणजे पूर्वजांच्या स्मरणाचे दिवस, आणि वर्षाअखेर नववर्ष, हे गर्दीचे आणखी दोन काळ. मुलांच्या सुट्टीतच जायचं असेल, तर गोल्डन वीक उलटल्यावर निघणं केव्हाही सोयीचं.

व्हिसा आणि विमानतळ

भारतीयांना जपानचा व्हिसा आधी काढावा लागतो. एप्रिल २०२४ पासून भारतातल्या पर्यटकांना ई-व्हिसा मिळतो. अर्ज व्हीएफएसच्या केंद्रातून करायचा, व्हिसा एकदाच प्रवेश देणारा आणि जास्तीत जास्त ९० दिवसांचा. यातली एक बाब नीट लक्षात ठेवावी. ई-व्हिसाची 'सूचना' विमानतळावर इंटरनेटशी जोडलेल्या फोनवर, थेट संकेतस्थळावरून उघडून दाखवावी लागते. तिचा छापील कागद किंवा स्क्रीनशॉट चालत नाही. त्यामुळे उतरल्या उतरल्या फोनला डेटा मिळेल अशी सोय, म्हणजे ई-सिम किंवा आंतरराष्ट्रीय रोमिंग, घरूनच करून निघावं.

इमिग्रेशन आणि कस्टम्सची माहिती 'व्हिजिट जपान वेब' या सरकारी संकेतस्थळावर आधी भरून ठेवता येते. तिथे तयार होणारा क्यूआर कोड दाखवला, की विमानातल्या अरुंद टेबलावर फॉर्म भरत बसावं लागत नाही. देशात फिरताना पासपोर्ट सतत जवळ ठेवणं परदेशी प्रवाशांना कायद्याने बंधनकारक आहे. तो हॉटेलच्या तिजोरीत ठेवून बाहेर पडू नये.

नारिता विमानतळ तोक्योच्या मध्यापासून साधारण ६० किलोमीटर दूर आहे, हानेदा बरंच जवळ. सोबत वयस्कर माणसं असतील आणि तिकिटात फार फरक नसेल, तर हानेदाला उतरणारं विमान निवडावं.

औषधं आणि खाऊ

ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी हा भाग सावकाश वाचावा. डॉक्टरांनी लिहून दिलेली नेहमीची औषधं एका महिन्याला पुरतील इतकीच सोबत नेता येतात. त्याहून जास्त न्यायची असतील, तर जपानच्या आरोग्य मंत्रालयाकडून 'युन्यु काकुनिनशो' नावाचं प्रमाणपत्र आधी मिळवावं लागतं. ॲम्फेटामिन असलेली औषधं चिठ्ठी असली तरी पूर्ण निषिद्ध आहेत. सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण दहा टक्क्यांहून जास्त असतं, त्यांनाही बंदी आहे. कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधांवर प्रमाणाचं बंधन आहे. म्हणून घरातल्या औषधांच्या डब्यातून मूठभर पट्ट्या उचलून बॅगेत टाकू नयेत. प्रत्येक औषधाचे घटक वाचावेत, औषधं मूळ वेष्टनात ठेवावीत आणि चिठ्ठी इंग्रजीत लिहून घ्यावी.

मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. ताजी फळं, भाज्या आणि पानं यांना वनस्पती-आरोग्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. लेकीसाठी हापूसची पेटी किंवा कढीपत्त्याची जुडी नेण्याचा मोह टाळावा, ती विमानतळावरच काढून घेतली जाईल. चिवडा, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भाजलेल्या रव्याचं तयार उपम्याचं पीठ, असे कोरडे शाकाहारी पदार्थ प्रवासात खरे आधार देतात. पाणी उकळायची किटली हॉटेलच्या खोलीत बहुधा असतेच.

विजेचा दाब तिथे १०० व्होल्ट आहे आणि प्लग दोन चपट्या पात्यांचा. फोनचे चार्जर चालतात, फक्त पिन बदलणारं ॲडॅप्टर लागतं. आपली २३० व्होल्टची इस्त्री किंवा पाण्याची कॉइल मात्र नीट तापणार नाही. ती घरीच राहू द्यावी.

पैसे

मोठ्या दुकानांत आणि हॉटेलांत कार्ड चालतं. देवळांची प्रवेश-तिकिटं, लहान खाणावळी, गावातल्या बस यांच्यासाठी रोख लागते. निघण्यापूर्वी आपल्या बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशातला वापर सुरू केलेला आहे ना, हे तपासावं. रोख काढायला सेव्हन-इलेव्हन दुकानांतली आणि टपाल कार्यालयांतली एटीएम परदेशी कार्डं सहज घेतात, पडद्यावर इंग्रजीचा पर्यायही असतो.

नाणी १, ५, १०, ५०, १०० आणि ५०० येनची. ५ आणि ५० येनच्या नाण्यांना मध्ये भोक असतं. नाणी भराभर साठतात, तेव्हा एक लहान बटवा हवाच. काउंटरवर पैसे हातात न देता समोरच्या तबकात ठेवायचे. टिप देण्याची पद्धत नाही. टेबलावर पैसे ठेवून निघालात, तर विसरले असतील असं समजून वाढपी ते परत द्यायला मागे येईल.

लोकल आणि मेट्रो

शहरातल्या प्रवासाची किल्ली म्हणजे आयसी कार्ड. तोक्योत त्याला सुइका किंवा पास्मो म्हणतात, ओसाका-क्योतोकडे इकोका. २०१३ पासून अशी दहा प्रमुख कार्डं एकमेकांच्या भागांतही चालतात, म्हणून कोणतंही एक घेतलं तरी पुरतं. पर्यटकांसाठीचं 'वेलकम सुइका' २८ दिवस चालतं. कार्डात जास्तीत जास्त २०,००० येन ठेवता येतात. तेच कार्ड बसमध्ये, पेयांच्या यंत्रावर आणि कोन्बिनीत, म्हणजे कोपऱ्याकोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानांतही चालतं.

फाटकावर काय घडतं ते बघू. आत जाताना उजव्या हाताच्या चकतीवर कार्ड क्षणभर टेकवायचं. फाटक आधीपासून उघडंच असतं, काही चुकलं तरच झडपा मिटतात. आत शिरताना पैसे कापले जात नाहीत, फक्त कुठून शिरलात याची नोंद होते. बाहेर पडताना पुन्हा टेकवलं, की त्या अंतराचं भाडं वजा होतं आणि उरलेली रक्कम छोट्या पडद्यावर दिसते. पैसे कमी पडले तर झडपा बंद होतात आणि घंटी वाजते. घाबरायचं काही कारण नाही. दोन पावलं मागे यायचं. फाटकाच्या आतच भिंतीजवळ भाडं जुळवण्याचं यंत्र असतं. कार्ड त्यात घालायचं, कमी पडणारी रक्कम भरायची आणि बाहेर पडायचं. दंड नाही, चौकशी नाही. या यंत्रांना बहुतेक ठिकाणी रोखच लागते, तेव्हा हजार येनच्या दोन नोटा सुट्या ठेवाव्यात. कागदी तिकीट काढतानाही हीच सोय कामी येते. भाडं कळत नसेल तर सर्वांत कमी भाड्याचं तिकीट घ्यावं आणि उतरल्यावर फरक भरावा.

मर्यादा एकच. सुइकाच्या भागात शिरून दूरच्या, दुसऱ्या कार्डाच्या भागात बाहेर पडता येत नाही. तोक्योत कार्ड टेकवून साध्या गाड्यांनी नागोयापर्यंत गेलात, तर तिथलं फाटक उघडणार नाही. लांबच्या प्रवासाला वेगळं तिकीटच काढावं.

स्टेशनचं नाव जिभेवर बसत नसेल तर क्रमांक लक्षात ठेवा. तोक्यो मेट्रोच्या गिन्झा मार्गावर शिबुया म्हणजे जी ०१, गिन्झा जी ०९ आणि आसाकुसा जी १९. आकडे वाढताहेत की कमी होताहेत, एवढं पाहिलं की गाडी योग्य दिशेने चालली आहे का ते कळतं. आणि बाहेर पडण्याच्या दाराचा क्रमांक आधीच बघून ठेवावा. शिन्जुकू स्टेशनला दोनशेच्या आसपास दारं आहेत. चुकीच्या दारातून बाहेर आलात, तर हॉटेलपर्यंतचं पाच मिनिटांचं अंतर अर्ध्या तासाचं होऊ शकतं.

शेवटच्या गाड्या मध्यरात्रीच्या सुमारास सुटतात आणि पहाटेपर्यंत सेवा बंद असते. रात्रीची टॅक्सी खूप महाग पडते. टॅक्सीचं मागचं डावं दार चालक आतूनच उघडतो आणि बंद करतो, आपण ओढायला जाऊ नये.

शिन्कान्सेन

तोक्यो आणि ओसाका यांना जोडणारी तोकाइदो शिन्कान्सेन ही बुलेट ट्रेन १ ऑक्टोबर १९६४ रोजी सुरू झाली. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनला याच तंत्राचा आधार आहे. मार्गावर तीन प्रकारच्या गाड्या धावतात. नोझोमी सर्वांत कमी ठिकाणी थांबते आणि सुमारे अडीच तासांत शिन-ओसाकाला पोहोचते. हिकारी तिच्याहून जास्त ठिकाणी थांबते, आणि कोदामा प्रत्येक स्टेशनवर.

तिकीट हातात आल्यावर बरेच जण गोंधळतात, कारण कागद दोन असू शकतात. एक अंतराच्या मूळ भाड्याचा आणि दुसरा जलद गाडीचा, म्हणजे आसनाचा. दोन्ही एकावर एक ठेवून एकाच वेळी फाटकात सरकवायचे आणि पलीकडून न विसरता उचलायचे. आरक्षण प्रवासाच्या एक महिना आधी सकाळी दहाला उघडतं. गोल्डन वीक, ओबोन आणि नववर्षाच्या गर्दीत नोझोमीच्या सर्व जागा आरक्षित असतात. ओसाकाकडे जाताना साध्या डब्यात 'ई' हे आसन घ्यावं. हवा स्वच्छ असेल तर तोक्यो सोडल्यापासून पाऊण तासाच्या आसपास फुजीचा डोंगर त्याच बाजूला दिसतो.

'जपान रेल पास' घ्यावा का, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांच्या साध्या पासची किंमत २९,६५० वरून ५०,००० येन झाली. तोक्यो-क्योतो हे आरक्षित तिकीट एका बाजूला साधारण १४,००० येनचं आहे, म्हणजे जाऊन-येऊन २८,०००. फक्त तोक्यो, क्योतो आणि ओसाका बघायचं असेल, तर पासमध्ये सरळ तोटा आहे. हिरोशिमा आणि त्यापलीकडचाही बेत आठवडाभरात बसवला असेल, तरच हिशेब मांडून पाहावा. मांडताना त्या दिवशीचे दर तपासावेत, जुन्या सल्ल्यांवर जाऊ नये.

मोठी बॅग

लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १६० सेंटिमीटरहून जास्त असेल, तर तोकाइदो शिन्कान्सेनमध्ये त्या बॅगेसाठी जागा असलेलं आसनच आधी राखावं लागतं. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. न राखता बॅग आणली तर १,००० येन भरावे लागतात. विमानात चालणाऱ्या आपल्या मोठ्या बॅगा या मापात सहसा बसतात, तरी घरीच टेप लावून बघावं.

याहून सुखाचा मार्ग म्हणजे ताक्युबिन, सामान पुढच्या हॉटेलात पाठवण्याची सेवा. यामातो कंपनीने ती १९७६ मध्ये सुरू केली. पिल्लाला तोंडात धरून नेणारी काळी मांजर हे तिचं चिन्ह. तोक्योतल्या हॉटेलच्या काउंटरवर सकाळी बॅग द्यायची. कर्मचारी माप घेतो आणि एक पावती भरायला देतो. तीत पुढच्या हॉटेलचं नाव, पत्ता, फोन, तिथे पोहोचण्याची तारीख आणि आरक्षण ज्या नावाने केलं आहे ते नाव लिहायचं. पासपोर्टवर एक नाव आणि आरक्षण दुसऱ्याच्या नावावर, असं असेल तर दोन्ही लिहावीत, कारण बॅग याच नावावरून ओळखली जाते. मोठ्या बॅगेला दोन-तीन हजार येनच्या आसपास पडतात. पावतीची प्रत जपून ठेवायची. क्योतोला बॅग साधारण दुसऱ्या दिवशी पोहोचते, म्हणून एका रात्रीचे कपडे, औषधं, पासपोर्ट आणि पैसे पाठीवरच्या पिशवीत ठेवावेत. जपानच्या स्टेशनांत जिने पुष्कळ आणि लिफ्ट बहुधा दुसऱ्या टोकाला. गुडघे दुखणाऱ्या माणसाला घेऊन जात असाल, तर हा खर्च डोळे झाकून करावा.

पत्ता कसा शोधायचा

जपानमधल्या बहुतेक रस्त्यांना नावंच नसतात. पत्त्यात आधी मोठा विभाग, मग 'चोमे' म्हणजे त्याचा भाग, मग गटाचा क्रमांक आणि शेवटी इमारतीचा, असं मोठ्याकडून लहानाकडे जावं लागतं. शेजारच्या इमारतींचे आकडे ओळीने असतीलच असं नाही. म्हणून नकाशावर ठिकाणाची खूण आधी साठवून ठेवावी आणि हॉटेलचा जपानी लिपीतला पत्ता फोनमध्ये असू द्यावा. अगदीच वाट सापडली नाही, तर चौकातल्या 'कोबान'मध्ये जावं. ही छोटी पोलीस चौकी. वाट सांगणं हे तिथल्या पोलिसांचं रोजचं काम आहे.

शाकाहारी माणसाचं जेवण

इथे आधी सांगण्याचं महत्त्व सर्वांत जास्त. अडचण दिसणाऱ्या मांसाची नसून न दिसणाऱ्या माशाची आहे. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे 'दाशी' हे पाणीदार सार. ते बहुतेकदा सुकवलेल्या बोनितो माशाच्या कीसापासून आणि समुद्री शेवाळापासून करतात. मिसो सूप, उदोन-सोबा या नूडल्सचा रस्सा, तेंपुरासोबतचं पाणी, शिजवलेल्या भाज्या, सगळ्यांत ते असतं. 'मांस नको' म्हटलं तर तोफूवर माशाचा कीस भुरभुरून येऊ शकतो, आणि आणणाऱ्याचा त्यात काहीही दोष नसतो.

'निकु मो साकाना मो ताबेमासेन', म्हणजे मी मांसही खात नाही आणि मासेही, हे वाक्य उपयोगी आहे. पण दाशी, अंडं, जिलेटिन यांसह न चालणाऱ्या गोष्टींची जपानीत लिहिलेली यादी फोनवर दाखवणं अधिक खात्रीचं. हॉटेलात जेवण घेणार असाल तर हे आरक्षण करतानाच कळवावं. दाराशी पोहोचल्यावर सांगितलं, तर 'क्षमा करा, जमणार नाही' असंच उत्तर मिळेल, कारण सार सकाळीच तयार झालेलं असतं.

एक जेवण मात्र आवर्जून घ्यावं. 'शोजिन र्योरी' हे बौद्ध मठांतलं जेवण, मांस-मासे आणि कांदा-लसणाशिवाय केलेलं. क्योतोच्या काही मंदिरांत आणि कोयासान डोंगरावरच्या मठांतल्या मुक्कामात ते मिळतं, अर्थातच आरक्षणाने. रोजच्या भुकेला कोन्बिनीतली उमेबोशीची, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाची ओनिगिरी (भाताचा गोळा), केळी, दही आणि पाव असतातच. आणि घरचं जेवण आठवलं तर तोक्योत निशी-कासाई गाठावं. एदोगावा वॉर्डातल्या या भागात भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे, वाणसामानाची दुकानं आणि भारतीय खाणावळी आहेत. याच वॉर्डाच्या सभागृहावर २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले.

वावरताना

गाडीत फोनवर बोलू नये. रस्त्यावर कचरापेट्या फार कमी दिसतात, म्हणून एक पिशवी जवळ ठेवून कचरा हॉटेलात आणावा. नळाचं पाणी पिण्यायोग्य असतं. स्वच्छतागृहं स्टेशनांत, दुकानांत सहज आणि फुकट मिळतात आणि बहुतेक ठिकाणी पाण्याची फवारणीही असते. ओन्सेनच्या, म्हणजे गरम झऱ्याच्या सामायिक कुंडात उतरण्याआधी बाजूच्या नळाखाली बसून अंग साबणाने स्वच्छ धुवायचं. कुंडात कपडे घालून जात नाहीत आणि टॉवेल पाण्यात बुडवत नाहीत. संकोच वाटत असेल तर खोलीतलंच खासगी कुंड असलेली जागा निवडता येते.

भूकंप आणि आजारपण

पोलिसांसाठी ११०, आग आणि रुग्णवाहिकेसाठी ११९. रुग्णवाहिका फुकट असते, पण उपचारांचा सगळा खर्च परदेशी प्रवाशाला स्वतः करावा लागतो. प्रवास विमा काढल्याशिवाय निघूच नये. पर्यटन खात्याची हेल्पलाइन ०५०-३८१६-२७८७ चोवीस तास इंग्रजीतून मदत करते. सरकारी पाठबळ असलेलं 'सेफ्टी टिप्स' हे ॲप भूकंप आणि वादळाच्या सूचना इंग्रजीत देतं.

भूकंपाचा इशारा आला तर फोन मोठ्याने वाजतो. अशा वेळी बाहेर धावू नये. टेबलाखाली बसावं, डोकं झाकावं, हादरे थांबेपर्यंत धरून राहावं. लिफ्ट वापरू नये. समुद्राजवळ असाल तर हादरे थांबताच उंच जागी जावं, सामानासाठी परत फिरू नये. पहिल्या रात्री हॉटेलच्या दारामागचा सुटकेच्या मार्गाचा नकाशा घरच्या सगळ्यांनी एकदा पाहून घ्यावा.

निघण्यापूर्वीचा क्रम

सर्वप्रथम तारखा आणि हॉटेलं, कारण हंगामात तीच आधी संपतात. मग व्हिसा. त्याच सुमारास औषधांची छाननी, कारण प्रमाणपत्र लागलंच तर त्याला वेळ लागतो. महिनाभर आधी शिन्कान्सेनची आसनं आणि मठातलं जेवण. शेवटच्या आठवड्यात विमा, कार्डाची तपासणी, ई-सिम, 'व्हिजिट जपान वेब'चे कोड आणि न चालणाऱ्या पदार्थांची जपानी यादी. एवढं झालं की तिथे रोज ठरवावं लागणारं फार काही उरत नाही. आई-वडिलांना घेऊन गेला असाल, तर त्यांना कुठे ताटकळत ठेवावं लागत नाही, आणि तुम्हालाही गाडी, बॅग, जेवण यांच्या मागे धावण्याऐवजी त्यांच्या शेजारी बसून तो देश बघता येतो.